खासगी ईमेल कोणतं घ्यावं? आधी किल्ली कुणाकडे राहणार ते ठरवा

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या ताईंचा आहे. त्या लिहितात: "केंद्रात आम्ही तिघी आहोत. घरगुती हिंसेच्या केसेसचे कागद नागपूरच्या वकीलबाईंना आणि आमच्या विश्वस्तांना ईमेलने जातात. सगळं एकाच जीमेलवर चालतं. ते खातं सहा-सात वर्षांपूर्वी गावातल्या सेवा केंद्राच्या मुलानं काढून दिलं होतं. आता प्रोटॉन, ट्यूटा अशी नावं कानावर येतात. खरंच सुरक्षित कोणतं? आणि फुकटात भागेल का?"

ताई, मी १६ वर्षं वर्ध्याहून विदर्भातल्या लहान संस्थांचे संगणक आणि मेल सांभाळते आहे. तुमच्यासाठी माझं उत्तर ट्यूटा आहे, तेही पैसे भरून. पण आज लगेच घेऊ नका. आधी सध्याच्या जीमेलमध्ये जा आणि सुरक्षेच्या पानावर खातं परत मिळवण्यासाठी कोणाचा मोबाइल नंबर दिला आहे ते बघा. सेवा केंद्रात काढलेल्या खात्यांत मला अनेकदा काढून देणाऱ्याचाच नंबर सापडला आहे. तेव्हा बाईंकडे मोबाइल नसायचा, ओटीपी कुठंतरी यायला हवा म्हणून त्यानं आपला टाकला. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. पण आजही तो 'पासवर्ड विसरलो' म्हणाला, तर सहा-सात वर्षांच्या केसेस त्याच्या फोनवर उघडतील. तो नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला मिळाला असेल तर आणखी वाईट. न वापरलेलं प्रीपेड कार्ड साधारण ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतं आणि काही काळानं तोच नंबर नव्या माणसाला दिला जातो. तो नंबर काढा, केंद्राचा टाका, पासवर्ड बदला, आणि 'तुमची उपकरणं' या यादीत ओळखीची नसलेली जी यंत्रं दिसतील त्यांवरून खातं बाहेर काढा. ही अर्ध्या तासाची कामगिरी नव्या मेलपेक्षा जास्त धोका टाळते.

आता मुद्द्याचं. साध्या मेलमध्ये आणि या खासगी मेलमध्ये नेमका फरक काय? जीमेलचा मेल वाटेत कुलूपबंदच जातो. मधल्या वायरवर बसून तो कुणी सहज वाचत नाही. पण गूगलच्या यंत्रावर तो पोचला की त्याची किल्ली गूगलकडे असते. जाहिरातींसाठी मेलचा मजकूर वाचणं थांबवू असं गूगलनं २०१७ साली जाहीर केलं, तरी वाचता येण्याची क्षमता आणि सरकारी आदेश आल्यावर मजकूर देण्याची क्षमता त्यांच्याकडे राहतेच. प्रोटॉन आणि ट्यूटा यांचं तसं नाही. तिथं मेल तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर कुलूपबंद होतो आणि किल्ली तुमच्या पासवर्डवरून उघडते. कंपनीच्या यंत्रावर बंद पेटी पडून असते, ती त्यांनाही उघडता येत नाही.

म्हणूनच पासवर्ड हरवला की पेटी तशीच राहते. हे मी शिकले ते एका संस्थेचं नुकसान करून. २०१८ साली गडचिरोलीकडच्या एका संस्थेला मी अशा मेलवर नेलं. खातं काढलं, दोन दिवस शिकवलं, किल्लीची प्रत लिहून ठेवायचं पान दाखवलं आणि म्हटलं, "हे नंतर निवांत लिहून ठेवा." ते नंतर कधी झालंच नाही. दोन वर्षांनी समन्वयकताईंचा फोन बिघडला, नवा घेतला, आणि त्यांचा मला फोन: "पासवर्ड काही केल्या आठवून नाही राहिला जी." आम्ही पासवर्ड बदलून घेतला, खातं उघडलं, मेलची यादीही दिसली. पण जुना एकही मेल उघडेना, कारण तो जुन्या किल्लीनं बंद झालेला होता. ज्यांना मेल पाठवले होते त्यांच्याकडून मागून मागून निम्मे परत गोळा केले. बाकीचे गेले. चूक माझी होती. तेव्हापासून किल्लीची प्रत माझ्या डोळ्यांसमोर कागदावर उतरल्याशिवाय मी कुणाचं खातं चालू करून देत नाही.

तुमच्या प्रश्नातलं 'सुरक्षित कोणतं' हे मी आधी 'कुणापासून सुरक्षित' असं करून बघते. तुमच्याकडे येणाऱ्या बाईला भीती परदेशातल्या हॅकरची नसते. तिला भीती असते नवऱ्याची, दिराची, गावातल्या वजनदार घरच्या माणसांची. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचते ती कशी? मी पाहिलेल्या फुटींपैकी एकही मेलच्या वायरमधून झालेली नाही. सगळ्यात मोठं भोक झेरॉक्सच्या दुकानात असतं. केंद्रात प्रिंटर नसतो किंवा शाई वाळलेली असते. मग घरगुती घटना अहवाल दुकानदाराच्या मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो प्रिंट काढतो, आणि फाइल त्याच्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. त्या संगणकावर दिवसभर सातबाराचे आणि पीकविम्याचे कागद काढायला गाव येत-जात असतं. त्या बाईचा दीरही येत असेल. तुम्ही जगातलं सर्वांत भक्कम मेल घेतलं आणि प्रिंट मात्र दुकानातून काढली, तर काहीच साधलं नाही. मेलच्या वर्गणीआधी केंद्रासाठी एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्या, जुना चालेल. निधी देणाऱ्यांना तसंच कारण लिहून कळवा.

दुसरं भोक मोबाइल दुरुस्तीचं. फोन दुकानात देताना पॅटर्न सांगावा लागतो. केसेसचा मेल ज्या फोनवर असेल तो देण्याआधी त्यावरचं मेलचं ॲप काढून टाकायचं. प्रोटॉन आणि ट्यूटा दोन्ही ॲपना फोनच्या कुलपाशिवाय वेगळं कुलूप लावता येतं, ते लावाच, कारण घरी तुमचा फोन मुलंही हातात घेतात. आणि कुलूप लावलेल्या पडद्यावर मेलची सूचना येते, तीत नाव दिसू देऊ नका. ज्या बाईची केस आहे तिला स्वतःला मात्र मेल पाठवूच नका. तिचा फोन बहुतेक वेळा तिचा एकटीचा नसतो. तिथं ठरलेल्या वेळेचा फोन किंवा आशाताईंमार्फत निरोप बरा.

हे दोन्ही बंद केलंत की मग मेलचा विचार करायला अर्थ आहे.

प्रोटॉन ही स्वित्झर्लंडची कंपनी. सर्न या संशोधनसंस्थेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ही सेवा सुरू केली. ट्यूटा जर्मनीतल्या हानोफरची. कंपनी २०११ सालची. सेवा आधी टूटानोटा या नावानं चालायची, २०२३ मध्ये नाव आखूड केलं. दोघींची ॲप मुक्त स्रोत आहेत, म्हणजे आतली रचना जाणकारांना तपासता येते. दोघींत मेल त्याच सेवेच्या दुसऱ्या खात्याला गेला तर आपोआप टोकापासून टोकापर्यंत बंद राहतो, म्हणजे पाठवणारी आणि वाचणारी सोडून मध्ये कुणालाच उघडता येत नाही. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुम्ही ट्यूटावर आणि वकीलबाई प्रोटॉनवर, असं झालं तर मधला मेल साधाच जातो, कारण दोघींची कुलपं वेगळ्या पद्धतीची आहेत. प्रोटॉन पीजीपी ही १९९१ पासूनची पद्धत वापरते, ट्यूटाची स्वतःची वेगळी आहे. म्हणून केंद्र, वकीलबाई आणि विश्वस्त, सगळ्यांनी एकच सेवा घ्यायला हवी. एकट्या तुम्ही बदलून उपयोग थोडाच. वकीलबाईंचं खातं जीमेलच राहिलं तर तुमच्या प्रत्येक पत्राची उघडी प्रत त्यांच्या बाजूला राहणार.

दोघींत मी तुम्हाला ट्यूटा का सुचवते? पहिलं कारण विषयाची ओळ. प्रोटॉनमध्ये मजकूर आणि जोडलेल्या फाइली बंद राहतात, विषयाची ओळ मात्र टोकापासून टोकापर्यंत बंद नसते. ट्यूटा ती ओळही बंद करते. समुपदेशन केंद्रांचे मेल मी पाहिले आहेत. विषयात असतं: बाईचं पूर्ण नाव, गाव, 'मारहाण प्रकरण, तातडीचे'. नावावरून केस शोधायला ते सोयीचं असतं म्हणून सगळ्या जणी तसंच लिहितात आणि सांगूनही ती सवय जात नाही. बलात्काराची केस असेल तर पीडितेची ओळख छापणं वा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मेल म्हणजे प्रसिद्धी नव्हे, पण नाव ज्या ओळीत सगळ्यात आधी दिसतं ती ओळ उघडी का ठेवायची? तरीही ट्यूटा घेतल्यावर नावाऐवजी केस क्रमांक लिहायची सवय लावा, कारण सूचना, प्रिंट, चुकून पुढे गेलेला मेल, सगळीकडे ती ओळ सोबत जाते.

दुसरं कारण प्रोटॉनची आपल्या देशातली अडचण. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका कंपनीच्या तक्रारीवरून प्रोटॉन मेल देशात बंद करण्याची कार्यवाही करा, असे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्याच्या आदल्या वर्षीही, चेन्नईच्या शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या गेल्या तेव्हा, ही सेवा रोखण्याचा विषय निघाला होता. सेवा म्हणून प्रोटॉन चांगलीच आहे, मी स्वतः वापरते. पण ज्या केंद्राच्या कोर्टाच्या तारखा मेलवर अवलंबून आहेत त्यानं एवढी टांगती तलवार ठेवून नवी सुरुवात करू नये.

ट्यूटाचे तोटेही ऐका. तिचा मेल थंडरबर्ड किंवा आउटलुक अशा संगणकावरच्या मेलच्या कार्यक्रमांत घेता येत नाही, त्यांचंच ॲप वापरावं लागतं. वकीलबाईंचं सगळं काम आउटलुकवर चालत असेल आणि त्या हटूनच बसल्या, तर मग सगळ्यांनी प्रोटॉनच घ्या. पैसे भरणाऱ्यांना ती संगणकावर एक ब्रिज नावाचा कार्यक्रम देते, त्यातून मेल आउटलुकमध्ये येतो. ट्यूटात जुन्या मेलच्या मजकुरात शोध घेणंही जरा जड जातं. मेल कंपनीला वाचताच येत नाहीत, त्यामुळे शोधाची सूची तुमच्या यंत्रावर बनते आणि त्यासाठी मेल आधी खाली उतरवावे लागतात. तुमच्याकडे नेट दुपारी रेंगाळतं, वीज जाते. ते काम एकदा रात्री लावून ठेवा.

फुकटात भागेल का? तुम्हाला नाही. ट्यूटाचं फुकट खातं खासगी वापरापुरतं आहे, संस्थेसाठी नाही, आणि सहा महिने कुणी उघडलं नाही तर ते काढून टाकलं जातं. संस्थांसाठीच्या योजनेत आणखी एक सोय आहे, आणि तुमच्यासाठी मला ती सगळ्यात मोलाची वाटते. तिथं तिघींची तीन वेगळी खाती एका प्रशासकाखाली, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या मुख्य खात्याखाली, राहतात आणि कुणी पासवर्ड विसरली तर प्रशासक तो बदलून देऊ शकते, जुने मेल न गमावता. गडचिरोलीला हे असतं तर ते दोन वर्षांचे मेल वाचले असते. पण ही सोय म्हणजे अधिकारही आहे. प्रशासक कुणाचाही पासवर्ड बदलून तिच्या खात्यात शिरू शकते. म्हणून प्रशासकाचं खातं केंद्रप्रमुखाच्या रोजच्या वापराचं नको, वेगळं काढा. वकीलबाईंना या प्रशासकाखाली घेऊ नका. वकील आणि पक्षकार यांच्यातली गोष्ट त्यांच्याच ताब्यात राहायला हवी, त्यांचं खातं त्यांनी स्वतंत्र काढावं.

पैसे भरताना अडचण येणार हे गृहीत धरा. २०२० च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेत सांगून चालू करावे लागतात. दर महिन्याच्या आपोआप कपातीच्या भानगडीत पडू नका, वर्षाचे एकदम भरा. बिल संस्थेच्या नावानं मागून घ्या, लेखापरीक्षणाला लागतं. लहान संस्थांना काही सवलत मिळते का, हे आधी पत्र लिहून विचारा. मेल त्यांचा धंदा आहे, उत्तर देतात.

आणि पत्ता आपल्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवर संस्थेच्या नावानं नोंदवलेल्या नावावर, घ्या. डॉट इन किंवा डॉट ओआरजी डॉट इन साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाला पडतं. कारण या सेवा बंदही पडतात. अमेरिकेतल्या लव्हाबिटच्या मालकानं ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारला ग्राहकांची किल्ली देण्यापेक्षा सेवाच बंद केली. स्किफ नावाची नवी सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या कंपनीनं विकत घेतली आणि ग्राहकांना सहा महिन्यांत बाहेर पडावं लागलं. ज्यांचा पत्ता सेवेच्या नावाचा होता त्यांना तहसीलपासून कोर्टापर्यंत सगळीकडे नवा पत्ता कळवत फिरावं लागतं. डोमेन आपलं असेल तर मागची सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. मात्र डोमेनचं नूतनीकरण चुकलं आणि ते दुसऱ्यानं उचललं, तर तुमच्या नावानं येणारे मेल त्याच्याकडे जातील. तीन-चार वर्षांचे एकदम भरून ठेवा आणि मुदतीची तारीख कार्यालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

या मेलला कायदा लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२० मध्ये जर्मनीतल्या कलोनच्या कोर्टानं ट्यूटाला एका खात्यावर बाहेरून येणारे साधे मेल, कुलूप लागण्याआधी, पकडून द्यायला लावले. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आदेशावरून प्रोटॉननं फ्रान्सच्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (नेट कुठून जोडलं ते सांगणारा क्रमांक) नोंदवून दिला. पुढे २०२४ मध्ये स्पेनच्या तपासात प्रोटॉनकडून खातं परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा मेल पत्ता मिळाला आणि त्याच धाग्यावरून पोलीस माणसापर्यंत पोचले. यातल्या कुठल्याच प्रकरणात बंद मजकूर उघडला गेला नाही, पण कोण, कधी, कुठून हे बंद नसतंच. तुमचं काम कायद्याच्या बाजूचं आहे, तुम्हाला याची भीती नको. मात्र घरगुती हिंसेच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, पोलीस ठाणे, तहसील यांना जाणारा मेल सरकारी यंत्रावर उघडाच पोचणार आहे. त्यांना पासवर्ड टाकून उघडायच्या मेलची लिंक पाठवाल तर ते उघडणार नाहीत, आणि अनोळखी लिंक उघडू नये हेच त्यांना शिकवलेलं असतं. त्यांच्यासाठी तुमचं जुनं जीमेल दुरुस्त करून तसंच चालू ठेवा. संवेदनशील जोडपत्र असेल तर सेव्हन-झिप या फाइल बांधून कुलूप लावणाऱ्या कार्यक्रमात पासवर्ड लावून जोडा, फाइलचं नावही झाकायचा पर्याय निवडा, आणि पासवर्ड फोनवर तोंडी सांगा. ते जमलं नाही तर कागद हातोहात नेऊन पोच घ्या.

आता किल्लीचा कागद. ट्यूटा खातं काढताना ६४ अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक देते. प्रशासक खात्याचा पासवर्ड आणि हा क्रमांक दोन्ही गेले तर कुणीही, कंपनीसुद्धा, काही करू शकत नाही. तो वहीच्या कागदावर बॉलपेननं लिहा. शाईचं पेन पावसाळ्यात ओल लागली की पसरतं. दोन प्रती करा. एकीनं वाचायचं, दुसरीनं ताडून बघायचं, मग कागद बदलून पुन्हा. त्याची झेरॉक्स काढू नका, लॅमिनेशनलाही देऊ नका, फोटो तर मुळीच काढू नका, कारण फोटो गूगलवर आपोआप चढतो. एक प्रत केंद्राच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, दुसरी विश्वस्तांच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. विश्वस्त बदलले की तो कागदही कारभाराच्या कागदांसोबत नव्यांच्या हाती गेला पाहिजे, आणि तसं ठरावात लिहा. क्रमांक मात्र ठरावात लिहू नका.

पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या, आपल्या बोलीतले घेतले तर लक्षात राहतात: पऱ्हाटी, खिडकी, बंडी, टोंगळा, असे. हे चार आता इथं छापले गेले, तुम्ही दुसरे निवडा. मात्र ते रोमन अक्षरांत टाइप करा. देवनागरी कीबोर्ड प्रत्येक फोनवर वेगळा असतो आणि ऱ्ह सारखं अक्षर एका फोनवर एका पद्धतीनं तर दुसऱ्यावर दुसऱ्या पद्धतीनं बनतं. खातं उघडताना पासवर्डनंतरची दुसरी पायरी म्हणून एसएमएसवर विसंबू नका. एजिससारखं कोड देणारं ॲप टाका. ते नेट नसलं, रेंज नसली तरी चालतं, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं.

तीन महिने दोन्ही मेल समांतर चालवा. पहिल्या महिन्यात फक्त तुमच्यात आणि वकीलबाईंमध्ये, केसचं नाव नसलेले मेल. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी मुद्दाम तुमच्यातल्या एकीचा पासवर्ड विसरल्याचं धरून तो प्रशासकाकडून बदलून घ्या. मग कपाटातला कागद काढून प्रशासक खातं त्यावरून उघडतं का ते बघा. उघडलं, तर तिसऱ्या महिन्यापासून केसेस तिकडे न्या. नाही उघडलं तर मला फोन करा, मी येते.